विचारून चाललेली वाट

थॉर्नहोपमध्ये हेस्टर प्रीसचा वचक होता, आणि तो वाढायच्या डावाचा होता. गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिने इतकी वर्षं पोरांना वाढलं होतं की आता पोट सुटलेले, टक्कल पडलेले बाप्येसुद्धा तिच्यासमोर ताट पुढे धरल्यासारखे उभे राहत. ती कुणावर ओरडायची नाही. कोबी टाकून उठणाऱ्याकडे नुसती बघायची. तेवढ्याने हेरफर्डशायरच्या त्या कोपऱ्यात कोबी खाणाऱ्यांची एक अख्खी पिढी तयार झाली.

नवरा विल्फ वारला त्याच वर्षी ती निवृत्त झाली, आणि रविवार तिला खायला उठला. इतर दिवस कसेही जात. रविवारी मात्र जेवण व्हायचं, ताटं धुऊन व्हायची आणि पुढे संध्याकाळपर्यंत घड्याळाशिवाय कोणी बोलायला नाही. दोनतीन रविवार तिने काढले. चौथ्या रविवारी चर्चमधून बाहेर पडताना ती आणखी दोन विधवांना म्हणाली, "जेवून या. जरा चालून येऊ." त्या बिचाऱ्या तिच्याच हातचा कोबी खाऊन मोठ्या झालेल्या. नाही कोण म्हणणार?

अशी ती रविवारची चाल सुरू झाली. चर्चच्या दाराशी जमायचं. त्या दाराच्या कमानीवर नऊशे वर्षांपूर्वीच्या कुणा पाथरवटाने माणसं गिळणारे पक्षी कोरून ठेवलेत. तिथून किल्ल्याचं टेकाड. किल्ला होता म्हणतात, आता मेंढ्या असतात. मग गोल दगडी कबुतरखाना, मग फ्रायर्स नावाचं लांबच लांब कुरण ओलांडून जुन्या मठाची उभी राहिलेली एकुलती कमान, तिथून ओढ्याकाठाने पाणचक्की आणि चक्कीवरून परत गावात चहाला. सगळी वाट सपाट. चढ म्हणाल तर टेकाडाचा, आणि तोही बाजूने टाळता यायचा. डोंगर चढणारे लोक असल्या चालीला हसतात. पण ज्यांचे गुडघे गेलेत, ज्यांना डॉक्टरने हिंडायफिरायला सांगितलंय आणि ज्यांच्याशी आठवडाभर कोणी बोललेलं नाही, त्यांच्यासाठी ही चाल बेतलेली होती. हेस्टर खिशात झाडं छाटायची कात्री ठेवून पुढे चालायची. वाटेत आलेली काटेरी फांदी कापायची आणि मागच्यांकडे न बघता म्हणायची, "संभाळून."

डिलिस बेव्हन बहुतेक सर्वांत मागे असे. तिचे दोन्ही खुबे कामातून गेले होते, पण तोंड शाबूत होतं. लग्न होऊन वेल्समधून इथे आली तेव्हा ती विशीत होती. जन्मभर थॉर्नहोपच्या पोस्टात काम केलं, गावाची सगळी गुपितं तिच्या हातावरून गेली, तरी गाव तिला तिकडचीच समजे. तिचं आणि हेस्टरचं का जमलं हे कुणाला कळलं नाही. हेस्टर दार वाजवल्याशिवाय स्वतःच्या कोंबड्यांच्या खुराड्यातही शिरायची नाही, आणि डिलिस दुसऱ्याच्या घरात जाऊन किटली चढवायची.

फ्रायर्सचं कुरण ह्या सगळ्या चालीच्या मधोमध होतं. ते नसतं तर कबुतरखान्यावरून मठाकडे जायला मोठा रस्ता धरावा लागला असता. त्या रस्त्यावर कडेने चालायला जागा नाही, आणि सफरचंदाच्या हंगामात सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या, टँकरनी माणसाला झाडोऱ्यात लोटावं अशी गत. म्हणजे फ्रायर्स नाही तर चाल नाही, इतकं ते सरळ होतं.

कुरण अमोस प्रॉबर्टचं. अमोस ब्रह्मचारी, कमी बोलणारा, आणि कमी बोलतो म्हणून गावात शहाणा गणला जाणारा. दर वर्षी, कोकरं कुरणात सुटायच्या आधी, हेस्टर सफरचंदाचा केक घेऊन त्याच्या मागच्या दाराशी जायची. पुढच्या दाराने ती कधी गेली नाही.

"अमोस, यंदाही रविवारी आम्ही फ्रायर्समधून गेलो तर चालेल का?"

"जा की. गाईंना तेवढं हुसकू नका."

"नाही हुसकणार."

"बरं."

एवढंच बोलणं. केक आत जायचा, दार लागायचं. एकदा डिलिसला कुंपणाची लाकडी पायरी चढता येईना, तेव्हा हेस्टरने तेही विचारलं, आणि अमोसने पायरी काढून फिरतं फाटक बसवून दिलं. ह्या विचारण्याबद्दल हेस्टर कुणाला बोलली नाही. बोलण्यासारखं त्यात काय आहे, असं तिला वाटे. तिचा बाप दुसऱ्याच्या शेतावर राबायचा आणि राहतं घरही त्याच मालकाचं होतं. मालकाचं डोकं फिरलं तर काम आणि छप्पर एकाच दिवशी जायचं. त्या घरात पोरं आधी विचारायला शिकत, मग चालायला. काटक्या उचलू का? ओढ्यावर जाऊ का? कुंपणावरच्या ब्लॅकबेरी तोडू का? विचारणं हे हेस्टरला हात धुण्यासारखं होतं.

अशी वीसहून जास्त वर्षं गेली आणि अमोस वारला. शेत विकलं गेलं आणि ब्रिस्टलहून मि. ॲशबी आले. माणूस वाईट नव्हता. गावात सगळ्यांना आधी नमस्कार करायचा आणि चर्चच्या छपरासाठी हात सैल सोडायचा. पण त्याच्या बायकोचे घोडे होते, घोडे भारी होते, आणि फ्रायर्समधून म्हाताऱ्यांची दिंडी जाते हे त्याला पसंत पडलं नाही. एका सकाळी अमोसच्या फिरत्या फाटकाला साखळी आणि कुलूप दिसलं. पलीकडच्या टोकालाही तसंच.

गाव खवळलं. म्हणजे थॉर्नहोपच्या मानाने खवळलं, लोक पबमध्ये दुसरा ग्लास घेईपर्यंत थांबले. पुढारपण रॉडरिक पॉवेलकडे गेलं. तो निवृत्त मास्तर आणि चर्चचा कारभारी, आणि असल्या कामाची उभा जन्म वाट बघत असलेला माणूस. त्याने सगळ्यांना कायदा समजावला.

"हे बघा. लोक वीस वर्षं एखाद्या वाटेने उघडपणे गेले, दांडगाई न करता, लपूनछपून न जाता आणि मालकाला न विचारता, तर ती वाट लोकांची. कायमची. मग मालक ॲशबी असो की आणखी कोणी."

"म्हणजे वीस वर्षं निर्लज्जपणा केला की बक्षीस?" डिलिस म्हणाली.

"थोडक्यात, हो."

सगळे हसले. हेस्टरने आपला ग्लास खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती रॉडरिककडे गेली. तो परसात लीकच्या, त्या लांब पातीच्या कांद्यांच्या वाफ्यात वाकला होता.

"रॉडरिक, एक सांगायचंय. मी अमोसला दर वर्षी..."

"थांब." तो लगबगीने उठला, हाताची माती झटकली. "हेस्टर, अमोस गेला. देव त्याचं भलं करो. त्याच्या दारात जे काही बोलणं झालं असेल, ते त्याच्याबरोबर गेलं. मला सांगू नकोस. मला माहीतच नसलं तर मला खोटं बोलायला लागणार नाही."

"आणि मला?"

"तुला सगळं मिळून एक शब्द बोलायचाय. आपल्या अर्जावर चौकशी होईल, तिथे ॲशबींचा वकील विचारेल, परवानगी मागितली होती का? सगळे जे म्हणतील तेच तू म्हण. नाही. झालं. वाट आपली." मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "लीक नेतेस का दोन?"

तिने लीक नेले. नको म्हणणं बरं दिसलं नसतं.

चौकशी गावच्या हॉलमध्ये भरली. सरकारने पाठवलेला एक करडा, सभ्य अधिकारी बालवाडीच्या पोरांनी रंगवलेल्या सशांखाली बसला. ॲशबींची वकील एक तरुण बाई होती, तीही सभ्य. सगळाच कारभार इतका सभ्य होता की बाहेरच्या माणसाला वाटावं, फुलांच्या प्रदर्शनाची बक्षिसं ठरतायत. साक्षीदार एकामागून एक उठले आणि म्हणाले, नाही, आम्ही कुणाला विचारलं नव्हतं. ते खरंच होतं. मग डिलिसची पाळी आली.

"मिसेस बेव्हन, तुम्ही कधी मि. प्रॉबर्टकडे परवानगी मागितली?"

"छे! मी कशाला मागू? पोप होता का तो?"

हॉल हसला. अधिकारीही हसला.

"मग कुरणात शिरताना तुम्हाला कधी शंका नाही आली? कोणी हटकेल, मालक काही म्हणेल?"

"शंका कसली? हेस्टर असायची की पुढे," डिलिस म्हणाली. "हेस्टर असली की सगळं रीतसर असतं."

वकील बाईने पेन खाली ठेवलं. डिलिसला काही कळलं नाही, ती आपली विजयी मुद्रेने जागेवर जाऊन बसली. रॉडरिकला मात्र कळलं. त्याचा चेहरा पडला.

हेस्टर उठून खुर्चीत जाऊन बसली. नाव, वय, धंदा झाला. मग वकील बाईने अगदी हळू, जणू आपल्या आजीला विचारावं तसं विचारलं, "मिसेस प्रीस, तुम्ही मि. प्रॉबर्टना ह्या वाटेबद्दल कधी विचारलं होतं का?"

मागच्या खोलीत चहाचं पाणी खदखदत होतं. रॉडरिक आपल्या बुटांकडे बघत होता. एक शब्द बोलायचा होता. तो खोटा आहे हे सांगायला अमोस येणार नव्हता, आणि त्या शब्दावर मठापर्यंतची वाट जन्मोजन्मीची गावाची होणार होती, डिलिसच्या खुब्यांसकट. हेस्टरने तो शब्द तोंडात घोळवूनही बघितला. पण 'नाही' म्हणायचं म्हणजे इतकी वर्षं आपण अमोसच्या कुरणातून त्याला न जुमानता गेलो असं म्हणायचं. त्याने फाटक बसवून दिलं, केक खाल्ला, आणि आता तो गेल्यावर त्याच्या दाराशी आपण कधी गेलोच नाही म्हणायचं. हे तिच्याच्याने होईना.

"विचारलं होतं," ती म्हणाली.

"कधी?"

"दर वर्षी."

"आणि ते काय म्हणाले?"

"जा की, म्हणाले. गाईंना हुसकू नका."

"तुम्ही स्वतःपुरतं विचारत होता?"

"छे, सगळ्यांसाठी," हेस्टर म्हणाली. "एकटीपुरतं विचारणं बरं दिसलं नसतं."

वकील बाईने आभार मानले. हेस्टरनेही मानले. नंतर चहा झाला तेव्हा तिच्या बशीत बिस्कीट नव्हतं.

थॉर्नहोपमध्ये कोणी कुणाशी भांडत नाही. ते तुमच्याशी हवेबद्दल बोलायचं बंद करतात. त्या उन्हाळ्यात किती पाऊस झाला हे हेस्टरला गावात कुणी सांगितलं नाही. दुकानात शिरली की लोक एकदम डबे वाचायला लागत. निकाल आला तो अपेक्षेप्रमाणे आला: वाट परवानगीने वापरली जात होती, सबब तिच्यावर लोकांचा हक्क नाही. त्यानंतरच्या सुगीच्या जेवणावळीत तिचा सफरचंदाचा केक मेजावर जसा ठेवला तसा राहिला, आणि रात्री तिने तो तसाच घरी आणला. रविवारची चाल कुलूप लागल्यापासून बंद होती, ती बंदच राहिली. डिलिसही घरी यायची थांबली, आणि ते हेस्टरला सगळ्यांत जास्त लागलं. बाकीच्यांचा अबोला तिने गिळला असता. डिलिस नसली की घरात किटली चढवायलाही कोणी नव्हतं.

हिवाळा सरता सरता ॲशबी तिच्याकडे आले. पुढच्या दाराने आले, हातात मधाची बाटली होती.

"मिसेस प्रीस, त्या दिवशी तुम्ही जे केलंत ते मी विसरलो नाही. माझी बायकोही नाही. आम्ही ठरवलंय, फाटकं उघडी ठेवायची. घोडे वरच्या कुरणात हलवतो. तुम्ही खुशाल चाला, तुमचं अख्खं मंडळ घेऊन."

हेस्टरने दार पुरतं उघडलं. "खरंच?"

"अगदी. फक्त एक पाटी लावीन, मालकाच्या परवानगीने म्हणून. आणि वर्षातून एक दिवस कुलूप घालीन. वकिलाने सांगितलंय तसं. नाताळच्या दिवशी घालतो, त्या दिवशी कोण चालतंय?"

वर्षातून एकदा कुलूप घातलं की वाट कधीच लोकांची होत नाही, हे एव्हाना गावातल्या पोरासोरांनाही पाठ झालं होतं. हेस्टर दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिला वाटलं, सगळा जन्म विचारण्यात गेला, आता शेवटचं एकदा विचारून बघावं.

"मि. ॲशबी, एक मागू?"

"मागा की."

"पाटी लावू नका. हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. आम्ही गेलो की दुसरीकडे बघा. एवढंच."

ॲशबी हसले, आणि ते हसणं खरंच सौजन्याचं होतं. "वीस वर्षं?"

"मी कुठली तेवढी जगते!"

"पण वाट जगते ना, मिसेस प्रीस. तेवढं सोडून काहीही मागा."

"थँक यू," हेस्टर म्हणाली आणि दार लावून घेतलं. मग आपण कशाबद्दल थँक यू म्हणालो ते तिच्या लक्षात आलं आणि रागाने तिचे कान गरम झाले. मध तिने उघडलाच नाही.

पाटी लागली. हिरवी, नीटनेटकी, बारीक सोनेरी अक्षरांची. गावाला हायसं वाटलं. फाटक उघडं, घोडे वर, मग तक्रार कसली? हवेबद्दल बोलणं हळूहळू पुन्हा सुरू झालं. रॉडरिकने तर दुकानात सगळ्यांसमोर, "शेवट गोड झाला म्हणायचा, हेस्टर!" असंही म्हणून घेतलं. हेस्टर नुसती त्याच्याकडे बघत राहिली. कोबी टाकून उठलेल्या पोरासारखा तो चुळबुळला आणि बाहेर गेला.

चाल मात्र ती सुरू करीना. एका रविवारी जेवण झाल्यावर मागचं दार उघडलं आणि डिलिस आत आली. न वाजवता.

"बूट घाल."

"मी त्या पाटीखालून जाणार नाही."

"का?"

"विचारून गेले तर वाट गेली. आता न विचारताच देतायत, तरी ती आपली नाही. मला नको ती भीक."

"मग मी काय टँकरखाली जाऊ?" डिलिस खुर्चीवर धपकन बसली. "माझ्या खुब्यांना पाटी वाचता येत नाही, हेस्टर. त्यांना सपाट जमीन लागते. बारा महिने घरात बसून मी लाकूड झालेय. तुझा मान ठेव तुझ्यापाशी आणि बूट घाल."

"तू माझ्याशी बोलत नव्हतीस."

"तुझ्यावर नव्हते रागावले. 'हेस्टर असली की सगळं रीतसर असतं', हे माझंच तोंड बोललं ना? कुठल्या तोंडाने येऊ?" आणि ती उठून किटलीत पाणी आहे का ते बघू लागली.

हेस्टरने बूट घातले. चर्चपाशी आणखी चारपाच जण उभे होते, डिलिसनेच सांगून ठेवलेले. टेकाडाला बाजूने वळसा घातला, कबुतरखाना मागे टाकला, आणि फाटक आलं. हेस्टर पाटीकडे न बघता आत शिरली. कुरणात गवत वाढलं होतं आणि वाट बुजायला आली होती. बाकीचे पुढे गेले. ती डिलिसबरोबर मागे राहिली, तिला हात देत.

मठाची कमान दिसू लागली तेव्हा डिलिस दम घ्यायला थांबली.

"हेस्टर, एक सांग. अमोस कधी नाही म्हणाला असता तर?"

"तर काय? आपण गेलो नसतो."

"मी गेले असते."

"अगं, पण नाही म्हटल्यावर?"

"नाही म्हटल्यावरच. त्याच्या खिडकीसमोरून गेले असते, सगळ्यांना घेऊन. बसला असता बोंबलत." डिलिसने पुन्हा तिचा हात धरला. "आणि आज ही वाट आपली असती."

"बरं दिसलं असतं का ते?"

"नसतं दिसलं," डिलिस म्हणाली. "चल."

हेस्टर चालू लागली. डिलिस खरंच गेली असती, हे तिला माहीत होतं. आपण गेलो नसतो, हेही. हॉलमध्ये खरं बोलल्याचं तिला एकदाही वाईट वाटलं नव्हतं. आपण गेलो नसतो ह्याचं मात्र वाटलं, आणि फार वाटलं.